सांदवाडीतून दसऱ्याच्या पानापर्यंत

दसऱ्याच्या दिवशी दहा माणसांचा स्वयंपाक घरच्या मालावर करायचा असेल, तर पदार्थांची यादी ठरवून वाडीत जाऊ नये. आधी वाडीत जावे, वेलावर आणि वाफ्यात काय तयार आहे ते हाताने चाचपून पाहावे आणि मग यादी करावी. आमच्या वर्धा जिल्ह्यात घरामागच्या या तुकड्याला सांदवाडी म्हणतात. न्हाणीच्या उताराला धोपा, कुंपणावर बरबटीचा वेल, मांडवावर किंवा उकिरड्याच्या कडेला कोहळे, बांधासारखी लावलेली अंबाडी, विहिरीजवळ गोडलिंब आणि लिंबाचे झाड एवढे जिथे आहे, तिथे सणाचे पान भरायला बाजारातून भाजी आणावी लागत नाही. डाळी, तांदूळ, गूळ, कणीक आणि तेल तेवढे घरात असावे.

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी शब्दांचा उलगडा आधीच करून ठेवते. आमचे कोहळे म्हणजे लाल भोपळा, धोपा म्हणजे अळू, बरबटी म्हणजे चवळीच्या शेंगा, सांभार म्हणजे कोथिंबीर आणि गोडलिंब म्हणजे कढीपत्ता. पानावर येतात ती कोहळ्याची बोंडे, धोप्याची वडी, अंबाडीची भाजी, बरबटीची सुकी भाजी, काकडीची कोशिंबीर, कढी आणि वडा-भात. वांगे मी या यादीत मुद्दाम धरलेले नाही. आमच्याकडच्या अनेक घरांत चातुर्मासात वांगे, कांदा आणि लसूण वर्ज्य असतात, काही घरांत तर चंपाषष्ठीचे भरीत-रोडगे होईपर्यंत वांगे खात नाहीत, आणि पाहुण्यांपैकी एकाला जरी ते चालत नसेल तरी सणाच्या पंगतीत त्याला वेगळे वाढणे बरे दिसत नाही.

मृगापासून मोजणी

मृग नक्षत्र सूर्याच्या हिशेबाने दरवर्षी ७-८ जूनला लागते, पण दसरा तिथीने येत असल्यामुळे पुढेमागे सरकतो. २०२५ मध्ये दसरा २ ऑक्टोबरला होता, तर २०२३ मध्ये श्रावण अधिक आल्यामुळे तो २४ ऑक्टोबरला आला. म्हणजे मृगाच्या पहिल्या पावसावर लावलेल्या कोहळ्याला एका वर्षी जेमतेम ११६ दिवस मिळतात आणि दुसऱ्या वर्षी १३८. कोहळे बी पेरल्यापासून पिकायला १०० ते १२० दिवस घेते आणि तोडल्यावर त्याला आणखी दहा-पंधरा दिवस घरात मुरू द्यावे लागते, त्यामुळे पंचांग उघडून दसरा लवकर आहे असे दिसले, की मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातच दोन-तीन बिया मातीच्या पिशवीत लावून सावलीत रोपे करावीत आणि पाऊस पडताच ती जागेवर न्यावीत.

बाकीचा हिशेब सोपा आहे. बरबटी पेरणीपासून पन्नास-साठ दिवसांत शेंगा देते आणि काकडी पन्नासच्या आसपास, म्हणून दोन्ही दसऱ्याच्या दोन महिने आधी टोकाव्यात. सांभार चाळीस दिवसांत कापणीला येतो, परंतु आमच्या काळ्या मातीत भाद्रपदाच्या पावसाचे पाणी साचले की त्याची रोपे पिवळी पडून कुजतात. त्यासाठी वीतभर उंचीचा गादीवाफा करावा, धने चपलेखाली हलके रगडून दोन फाकी करावेत, रात्रभर भिजवावेत आणि मगच पेरावेत. अख्खे धने पेरले तर ते उशिरा आणि विरळ उगवतात.

अंबाडीकडे मात्र लोक दुर्लक्ष करतात आणि ऐन सणाला ती दगा देते. दिवस लहान होऊ लागले की अंबाडी फुलावर येते, पाने बारीक आणि राठ होतात व देठाला वाख सुटतो. जूनमध्ये पेरलेल्या अंबाडीचे शेंडे पोळ्याच्या सुमारास कंबरेइतक्या उंचीवर खुडून टाकावेत, म्हणजे बगलेतून कोवळे फुटवे येतात. त्याहून खात्रीचा मार्ग म्हणजे ऑगस्टच्या मध्याला तिची एक दुसरी ओळ पेरणे. खाण्याच्या भाजीवर रासायनिक फवारणी करायची नाही हा आमच्या घरचा नियम आहे. मावा किंवा अळी दिसली तर पन्नास ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर एक लिटर पाण्यात भिजवून, सकाळी फडक्यातून गाळून तो अर्क संध्याकाळी फवारावा.

कोहळे

या जेवणाचा मान कोहळ्याला आहे, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहिते. कोहळ्याच्या वेलावर नर आणि मादी अशी दोन्ही फुले येतात. मादी फुलाच्या खाली बोराएवढे कोहळे आधीपासूनच असते, तर नर फूल सरळ लांब देठावर उभे असते. ही फुले पहाटे उमलतात आणि ऊन चढले की मिटतात. श्रावणात झड लागली म्हणजे मधमाश्या बाहेर पडत नाहीत, आणि मग लहान कोहळी पिवळी पडून गळू लागतात. अशा वेळी सकाळी सातच्या आत वाडीत जावे, ताजे नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या काढून टाकाव्यात आणि आतला पिवळा दांडा मादी फुलाच्या मध्यभागी हळूच फिरवावा. बोटाला पिवळी भुकटी लागली म्हणजे काम झाले. एका नर फुलावर दोन मादी फुले भागतात. उरलेली नर फुले बेसनात बुडवून तळावीत, श्रावणातले ते एक वेगळेच सुख आहे.

पिकलेले कोहळे रंगावरून ओळखू नये. देठ वाळून बुचासारखा खरबरीत झालेला असावा, सालीवर नख रोवले तर ते आत जाऊ नये आणि टिचकी मारल्यावर घुमल्यासारखा आवाज यावा. तोडताना चार बोटे देठ ठेवूनच कापावे आणि उचलताना देठाला धरू नये, कारण देठ निखळला की त्या जागेवरून कोहळे सडू लागते. नंतर ते ओसरीत किंवा माळ्यावर कोरड्या जागी, पालथ्या टोपलीवर दहा-पंधरा दिवस ठेवावे. या दिवसांत त्यातले पाणी कमी होते आणि पिठूळपणाची साखर होऊन गोडी वाढते. एका वर्षी मी ही वाट पाहिली नाही. वेलावरचे त्यातल्या त्यात मोठे कोहळे दसऱ्याच्या दोन दिवस आधी कापून आणले. आतला गर फिकट पिवळा आणि पाणचट निघाला, शिजवल्यावर त्याचे सार झाले आणि मी कणकेवर कणीक घालत गेले. बोंडे शेवटी बाहेरून काळी आणि आतून कच्च्या गोळ्यासारखी झाली, तेलही भरपूर प्यायली. तेव्हापासून नवरात्राचे घट बसण्याआधी कोहळे घरात आलेले असते.

दहा माणसांसाठी साल आणि बिया काढलेला एक किलो गर पुरे होतो. कोहळे विळीवर चिरण्याआधी खालच्या बाजूने त्याचा एक चपटा काप काढावा, म्हणजे ते डगमगत नाही आणि हात वाचतो. बिया धुऊन राखेत चोळाव्यात आणि सावलीत वाळवाव्यात. फोडी जाड बुडाच्या कढईत दोन चमचे तुपावर घालून, झाकण ठेवून, पाण्याचा थेंबही न घालता मंद आचेवर शिजवाव्यात. त्यांना सुटलेले पाणी आटू द्यावे आणि उलथन्याचा माग कढईच्या तळाशी क्षणभर तसाच राहिला, की आच बंद करावी. गर गरम असतानाच त्यात साडेतीनशे ते चारशे ग्रॅम चिरलेला गूळ मिसळावा. गूळ घालून पुन्हा फार वेळ आटवू नये, कारण गुळाचा पाक झाला तर बोंडे कडक होतात. हे सारे आदल्या रात्री करून ठेवावे.

सकाळी त्या थंड मिश्रणात वेलची, किसलेले जायफळ, एक चमचा खसखस, चिमूटभर मीठ आणि दोन मोठे चमचे कडकडीत तेलाचे मोहन घालावे. मग कणीक मुठी-मुठीने घालत जावी. साधारण अर्धा किलो कणीक लागते, पण खरे माप कोहळ्यातल्या पाण्यावर ठरते. पीठ भाकरीच्या पिठापेक्षा सैल आणि भज्याच्या पिठापेक्षा घट्ट असावे, म्हणजे तीन बोटांनी उचलले तर पसरू नये आणि अंगठ्याने ढकलले तर सुटून पडावे. अर्धा तास झाकून ठेवल्यावर एकच बोंड सोडून पाहावे. ते तेलात फुटले तर कणीक कमी आहे, आणि दगडासारखे तळाशी बसून राहिले तर जास्त झाली आहे. गुळामुळे रंग लवकर चढतो आणि आत कच्चे राहते, म्हणून आच मध्यमाहून थोडी कमीच असावी आणि एका घाण्याला सात-आठ मिनिटे द्यावीत. मोडून पाहिले तर आत केशरी जाळी दिसली पाहिजे.

धोपा आणि अंबाडी

धोप्याची पाने काळसर देठाची निवडावीत. अगदी लहान आणि पिवळी पडलेली सोडून द्यावीत. धोपा न्हाणीच्या पाण्यावर चांगला पोसतो, पण आता त्या पाण्यात साबण आणि डिटर्जंट फार असते, त्यामुळे सणाच्या पानांसाठी दोन कंद हातपंपाजवळ किंवा विहिरीच्या ओट्यापाशी वेगळे लावलेले मला बरे वाटतात. पानात सुईसारखे बारीक स्फटिक असतात आणि त्यांनीच घशाला खाज सुटते. पाने हाताळताना हाताला तेल लावावे, चिंच हात राखून घालू नये आणि वाफ पूर्ण द्यावी. या तिन्हींत कसूर झाली नाही, तर खाज लागत नाही.

वीस पानांना पाव किलो बेसन, त्यात दोन चमचे तांदळाचे पीठ, लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ, तेवढाच गूळ, तिखट, हळद, तीळ आणि मीठ घालून लेप लागेल इतपत भिजवावे. पानांच्या मागच्या जाड शिरा लाटण्याने दाबून सपाट कराव्यात. सर्वांत मोठे पान पालथे घालून त्यावर पातळ लेप द्यावा, त्यावर दुसरे पान उलट्या दिशेने ठेवावे, अशी पाच पाने झाली की दोन्ही कडा आत दुमडून घट्ट वळकटी करावी. अशा चार वळकट्या होतात. त्या चाळणीत ठेवून पंचवीस ते तीस मिनिटे वाफवाव्यात. गरम असताना कापू नयेत, नाहीतर पाने सुटतात. रात्रभर गार झालेली वळकटी सकाळी सुरीने करकरीत कापली जाते.

अंबाडी आंबट असल्यामुळे ॲल्युमिनियमच्या किंवा कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात शिजवू नये. स्टीलचे पातेले किंवा मातीचे गाडगे घ्यावे. खुडलेली पाऊण किलो पाने दहा मिनिटे उकळून घ्यावीत, निवल्यावर हाताने दाबून पाणी काढावे, मात्र अगदी कोरडी पिळू नयेत, कारण सगळा आंबटपणा गेला तर ती अंबाडी राहत नाही. वाटीभर तुरीची डाळ आणि अर्धी वाटी तासभर भिजवलेल्या ज्वारीच्या कण्या एकत्र मऊ शिजवाव्यात, त्यात पाने, वाटलेली हिरवी मिरची, मीठ आणि सुपारीएवढा गूळ घालून रवीने घोटावे आणि मंद आचेवर रटरटू द्यावे. तेलात मोहरी, हिंग आणि सुकी मिरची घालून साधी फोडणी द्यावी. नैवेद्याचा भाग काढून झाला आणि पंगतीत लसूण चालणारे असतील, तर वरून लसणाची खरपूस फोडणी वेगळ्या पळीतून द्यावी. खरे सांगायचे तर अंबाडीला लसणाशिवाय पूर्ण चव येत नाही.

बरबटीच्या शेंगा दाणा भरण्याआधी तोडाव्यात, बोटाच्या पेराएवढ्या कापाव्यात आणि मोहरी-जिऱ्याच्या फोडणीवर, ताटात पाणी ठेवून वाफेवर शिजवाव्यात. शेवटी दाण्याचे कूट घालावे. काकडीचा देठाकडचा तुकडा आधी चाखून पाहावा. काकडी, दोडका किंवा दुधी कडू लागला तर तो फेकून द्यावा, कारण हा कडूपणा शिजवल्याने जात नाही आणि कडू दुधीने माणसे आजारी पडतात. कोशिंबिरीत मीठ वाढण्याच्या क्षणीच घालावे, आधी घातले की पाणी सुटते.

वडा-भात आणि कढी

वड्यासाठी दोनशे ग्रॅम चणाडाळ, शंभर-शंभर ग्रॅम तूरडाळ, मूगडाळ आणि मटकी आणि पन्नास ग्रॅम उडीदडाळ घ्यावी. ऑक्टोबरच्या उकाड्यात रात्रभर भिजलेली डाळ आंबते, म्हणून ती पहाटे चारला भिजत घालावी आणि नऊच्या सुमारास उपसून, पाणी पूर्ण निथळून, जाडसर वाटावी. वाटताना पाणी घालू नये. त्यात हिरवी मिरची, सांभार, गोडलिंब, हळद, हिंग आणि मीठ घालून तळहातावर चपटे वडे थापावेत आणि मधोमध बोटाने छिद्र पाडावे, म्हणजे ते आतपर्यंत शिजतात.

भाताला तांदूळ जुना हवा, कारण नव्याचा भात चिकट होतो आणि वडा कुस्करला की त्याचा लगदा होतो. आम्ही एचएमटी वापरतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातील नांदेड या गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या शेतातल्या वेगळ्या दिसलेल्या लोंब्या निवडत हे वाण उभे केले. त्याचा दाणा बारीक असतो आणि भात मोकळा होतो. दहा जणांना एक किलो तांदूळ लागतो. वरून ओतायच्या तेलासाठी वाटीभर शेंगदाण्याचे तेल तापवून त्यात मोहरी तडतडू द्यावी, भरपूर हिंग आणि सात-आठ भिवापुरी मिरच्या घालाव्यात, आच बंद करावी आणि मगच हळद घालावी. हळद वायगावची असेल तर चिमूटभरच पुरते.

कढीसाठी पाऊण लिटर आंबट दही, चार मोठे चमचे बेसन आणि दीड लिटर पाणी एकत्र घुसळावे. वाडीतल्या आल्याचे कोवळे कंद या दिवसांत उकरून काढता येतात, ते ठेचून घालावेत. उकळी येईपर्यंत सारखे ढवळत राहावे आणि मीठ शेवटी टाकावे, म्हणजे कढी फुटत नाही. जिरे, मेथीदाणे आणि गोडलिंबाची तुपातली फोडणी पुरेशी होते.

दसऱ्याची सकाळ

अंबाडी, बरबटी, काकडी आणि सांभार पहाटे, ऊन चढण्याआधी तोडावेत आणि ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावेत. त्याच फेरीत झेंडूही काढून घ्यावा, नाहीतर तोरणासाठी कोणीतरी पुन्हा वाफ्यातून चालत जाते आणि सांभार तुडवला जातो. अवजारांची पूजा दहाच्या आसपास होते आणि नैवेद्य बाराला लागतो, असे धरून चुलीवर आधी अंबाडीची डाळ आणि कण्या चढवाव्यात, गॅसच्या एका शेगडीवर बरबटी आणि नंतर कढी करावी. दुसरी शेगडी पूर्णपणे तळणीसाठी राखून ठेवावी.

तळणीचा क्रम चुकवू नये. पहिल्यांदा स्वच्छ तेलात बोंडे तळावीत, कारण हिंग-मिरचीचा वास एकदा तेलाला लागला की तो गोडात उतरतो, शिवाय बोंडे थोडी मुरली की अधिक चांगली लागतात. तेल गाळून मग वडी तळावी. डाळीचे वडे सर्वांत शेवटी, भात उतरल्यावर आणि पाने मांडायला घेतल्यावर तळावेत. वडा गरम असतानाच भातावर कुस्करला गेला पाहिजे, गार वडा तेल शोषत नाही आणि घशाशी बसतो.

पळसाच्या पत्रावळी आधी पाण्याचा हात फिरवून पुसून घ्याव्यात. डाव्या बाजूला मीठ, लिंबाची फोड, जवसाची चटणी आणि कोशिंबीर, उजवीकडे बरबटी, अंबाडी आणि वडी, मध्ये भाताची मूद, त्यावर दोन वडे कुस्करून फोडणीचे तेल, आणि कढी द्रोणात वाढावी. बोंडे प्रत्येकी दोनच वाढावीत आणि मागितल्यावर पुन्हा द्यावीत. किलोभर गराची साठ-सत्तर बोंडे होतात. त्यांतली निम्मी पंगत बसण्याआधीच पितळी डब्यात काढून, झाकण किंचित उघडे ठेवून, देवघराजवळच्या कोनाड्यात ठेवावीत, कारण संध्याकाळी आपट्याची पाने घेऊन अख्खा मोहल्ला सोने द्यायला येतो आणि दारात आलेल्या प्रत्येक लेकराच्या हातावर एक तरी बोंड पडले पाहिजे.